उतरलेला गंधार

आमच्या थोरल्या साडूंइतका तयार कान अख्ख्या खानदेशात दुसऱ्या कुणाचा नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. माझ्या साक्षीला तशी काही किंमत नाही म्हणा, कारण आरती संपून मंत्रपुष्पांजली सुरू झाली हे मला लोकांच्या टाळ्या थांबल्यावर कळतं. हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. जळगावात त्यांनी जन्मभर पाण्याच्या मोटारी दुरुस्त केल्या. फैजपूरहून एखाद्या केळीवाल्याचा फोन आला की भाऊ त्याला म्हणायचे, "बोलू नको, फोन मोटारीपाशी धर." मग डोळे मिटून दहा-बारा सेकंद ऐकायचे आणि सांगायचे, "वरचं बेअरिंग गेलंय. नवीन आणून ठेव, मी निघतो." त्यांचं निदान चुकल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही. अशा माणसाला स्वतःच्या घरात मात्र चाळीस वर्षं ठार बहिरा ठरवण्यात आलं होतं.

त्याला कारण झाला मुलगी बघण्याचा कार्यक्रम. आमच्या सासऱ्यांकडे एक पेटी होती. सासरे घड्याळापासून शिलाई मशीनपर्यंत घरातली प्रत्येक वस्तू स्वतः उघडून दुरुस्त करत, आणि ती वस्तू पुढे कशीही चालली तरी तक्रार करायची कुणाची टाप नसे. त्या पेटीवर अक्का गायल्या. खोलीत सगळे माना डोलावत होते. गाणं संपल्यावर सासरे कौतुकाने म्हणाले, "काही विचारायचं असेल तर विचारा." भाऊंनी विचारलं नाही, सांगितलंच. ते मूळचे अमळनेरकडचे, मनापासून काही सांगायचं असलं की अजूनही अहिराणीवर येतात. म्हणाले, "पेटीमा काहीतरी बिघाड शे."

बिघाड पेटीत नसून मुलाच्या कानात आहे, असं सगळ्यांनी ठरवलं, आणि अक्कांनी ते बोलणं आपल्या गाण्यावर घेतलं. लग्न तरीही झालं. पेटी अक्कांबरोबर सासरी आली आणि ट्रंकेशेजारी चादरीत गुंडाळून बसली. अक्का टाळ-ढोलकीच्या महिला भजनी मंडळात गायच्या, ओटा पुसताना गुणगुणायच्या, पण भाऊंची चप्पल दारात वाजली की गप्प. "ज्यांना सूर आणि बेअरिंग सारखंच वाटतं, त्यांच्यापुढे काय गायचं?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. सगळी गल्ली अक्कांचं गाणं ऐकून होती, एकटे भाऊ तेवढे राहिले. ते कधी कुरकुरले नाहीत, पण भजन असलं की मंदिराच्या मागच्या भिंतीशी उगाच स्कूटर पुसत उभे राहायचे. मी एकदा धुळ्याहून आलो असताना त्यांना तिथे पकडलं तर म्हणाले, "धुळेकर, घरी बोलू नका हं."

दुकान मुलाच्या हाती दिल्यावर त्यांनी एकदा धीर करून अक्कांना म्हटलं, "आता तरी एक गाणं म्हण." अक्का म्हणाल्या, "लागोपाठ दहा स्वर न चुकता ओळखून दाखवा. मग गाते." त्यांना वाटलं, विषय मिटला. भाऊ दुसऱ्या दिवशी पहाटे पेटीवरची चादर झटकून तयार!

तेव्हापासून त्या घरात रोज सकाळी परीक्षा. भाऊ भिंतीकडे तोंड करून बसणार, अक्का मागे एकच पट्टी दाबणार, भाऊ एक बोट वर करून स्वर सांगणार. पहिले कित्येक दिवस त्यांना सगळे स्वर पंचमच वाटले. मग हळूहळू सा बसला, रे बसला, आणि भाऊंनी सगळ्या जगाला वेठीला धरलं. कुकरची शिट्टी कोमल धैवत. समोरच्यांचं फाटक रिषभ, पावसाळ्यात कोमल. माझी शिंक म्हणे निषादावर सुरू होते आणि सा न गाठताच सुटते, "म्हणून तुम्हाला दोनदा शिंकावं लागतं." एका लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या हातून परात पडली. सगळे दचकले, आणि हा माणूस जिलबी खाली ठेवून शांतपणे म्हणाला, "मध्यम." पण मी हसलो तरी मनातून हेवा वाटायचा. पासष्टाव्या वर्षी बायकोचं एक गाणं ऐकता यावं म्हणून रोज पहाटे भिंतीकडे तोंड करून बसायला आपल्याला जमेल का? मला तर डायबिटीसचं फिरणंही जमत नाही.

दोन वर्षांनी एके दिवशी दहापैकी दहा आले. अक्कांनी हरकत घेतली, "या पेटीच्या पट्ट्यांची करकर पाठ झाली आहे तुमची. परक्या पेटीवर सांगा." तेही खोटं नव्हतं, पट्टीच्या करकरीवरून स्वर ओळखण्यात ते वाकबगारच. मग आमच्या धुळ्यात पेट्या दुरुस्त करणारे एक नाना आहेत, त्यांच्या दुकानात परीक्षा ठरली. भाऊ अक्कांसोबत जळगावहून नवा सदरा घालून आले आणि घरची पेटी गाडीत मांडीवर घेऊन आले. "पास झालो की लगेच हिच्यावरच गाणं." केवढा तो विश्वास!

नाना पट्टी दाबत होते, मी बोटांवर मोजत होतो. नऊ बरोबर. नानांनी दहावी पट्टी दाबली. भाऊंनी मान वाकडी केली. "परत." नानांनी परत दाबली. भाऊंचा चेहरा उतरला. "हा कुठलाच स्वर नाही. गंधाराच्या जरा वर आहे. नाना, तुमची पेटी बिघडली."

नानांचा पारा चढला. "अहो, शुद्ध गंधार आहे! कालच मिळवलाय!" अक्कांनी पदर सावरला आणि पर्स उचलली. भाऊ मात्र हटेनात. "बठ्ठा सूर वळखस मी! हाऊ गंधार नही शे!" शेवटी नाना चिडून म्हणाले, "शिकलात कुठल्या पेटीवर? आणा ती इकडे."

घरच्या पेटीचा गंधार वाजवून नानांनी आपला वाजवला. दोन्ही एकदम वाजवले तेव्हा मलासुद्धा कळलं की काहीतरी खटकतंय. नानांनी पेटी उघडली, चष्मा चढवला आणि आतली पितळेची बारीक पट्टी बोटाने दाखवली. "ही बघा. कुणीतरी हौशी माणसाने कानशीने घासून ठेवली आहे, म्हणून गंधार उतरलाय. आणि आजकालचं काम नाही हे. घासल्या जागेवर काळं किती चढलंय बघा. पन्नास वर्षं तरी झाली असतील."

हौशी माणूस कोण, हे मला आणि अक्कांना एकदमच कळलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. अक्का तिथल्या स्टुलावर बसल्या. त्यांनी भाऊंना विचारलं, "म्हणजे त्या दिवशी तुम्ही म्हणालात, ते..."

"बिघाड होता म्हणून बिघाड म्हटलं," भाऊ म्हणाले. "तुझ्या गाण्याला कुठे म्हटलं होतं?"

"मग चाळीस वर्षांत एकदा तरी सांगायचं!"

"मला वाटलं, मलाच कळत नसेल."

अक्का हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. सगळी खोली माना डोलावत असताना एका माणसाने खरोखर कान देऊन ऐकलं होतं, आणि नेमक्या त्याच्यावर त्या जन्मभर रुसून बसल्या होत्या. माझंही नाक भरून आलं, पण शिंक दाबली. नानांनी विचारलं, "करून देऊ का बरोबर?" अक्कांनी मानेनेच नको म्हटलं आणि पेटीचं झाकण लावलं. मग तिथेच त्या स्टुलावर बसून, पेटीशिवाय, त्यांनी गायला सुरुवात केली. पासष्टीचा आवाज, वरच्या सुरावर जरा कापत होता. भाऊंचं बोट सवयीने एकदा वर उठलं आणि हळूच खाली गेलं. एकाही स्वराचं नाव त्यांनी घेतलं नाही.

पहिलं कडवं झाल्यावर अक्का थांबल्या. "काही बिघाड?"

भाऊंचे डोळे मिटलेलेच होते. "बोलू नको," ते म्हणाले, "गा."