कोटाचा आतला खिसा

माझ्या मामांच्या शिवणाच्या दुकानात कपाटावर एक पाटी आहे: ‘अस्तर व बटणे स्वतःची आणल्यास जादा आकार पडेल.’ अक्षर मामांचंच, वळणदार. गिऱ्हाईक कुरकुरलं की मामा गळ्यातली टेप सारखी करत म्हणतात, “बाहेरच्या अस्तराला काळजी जास्त लागते. काळजीचे पैसे नकोत?”

हेच मामा हॉटेलात गेले की गिऱ्हाईक होतात आणि सगळं बिघडतं. एकदा पाण्यावरून, एकदा बिलाच्या शेवटच्या ओळीवरून, एकदा तर हात पुसायच्या कागदावरून त्यांनी मॅनेजरला बोलावलंय. अशा वेळी मामी अर्ध्या ताटावरून उठतात आणि दाराशी जाऊन उभ्या राहतात. म्हणून लग्नाला तीस वर्षं झाली तेव्हा त्यांनी एकच मागितलं, “अहो, एक दिवस वाद नको. मला शेवटचं गोड खाऊन उठायचंय.”

मामांनी कबूल केलं. सूट अंगाला नीट बसला म्हणून खूश झालेल्या एका गिऱ्हाइकाने वाइनची बाटली दिली होती, ती न्यायचंही ठरलं. मग मामांनी हॉटेलात फोन केला आणि कळलं, बाहेरून आणलेल्या बाटलीवर आकार पडतो.

“बाटली आपली, पिणार आपण, मग पैसे कसले?” मामांनी मला विचारलं.

“ग्लास त्यांचे, ते धुणारे त्यांचे,” मी म्हटलं. “आणि मामा, तुमची ती पाटी...”

“पाटीचं वेगळं आहे.”

आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून. मामांची तर वाकून वाकून कंबर धरायची वेळ आली आहे.

वाद घालायचा नाही, हा शब्द मामांनी पाळला. वाद न घालता त्यांनी कोटाला आतून डाव्या बाजूला बाटलीच्या मापाचा खिसा शिवला. बाटली डोकावू नये म्हणून वर झाकण, झाकणाला बटण. इथे घोडं अडलं. मामांना सगळं शिवता येतं, काज करता येत नाही. दुकानातली काजं तीस वर्षं मामी करतात, खिडकीपाशी बसून, हाताने. मामांनी तो कोट गुपचूप रोजच्या ढिगात सरकवला.

“हा कसला खिसा?” मामींनी विचारलं.

“चष्म्याचं घर ठेवायला.”

मामींनी कोपरापर्यंत हात आत घालून पाहिला, मग सुईत दोरा ओवला आणि काज करून दिलं.

जेवायला त्यांनी मलाही नेलं. दारातच वेटरने कोट टांगायला मागितला. चोराच्या मनात चांदणं. मामा दोन पावलं मागे सरले. “मला थंडी वाजते,” ते म्हणाले. आत लोक बाह्या दुमडून बसले होते. बाटली बरगडीत रुतत असल्यामुळे मामांना वाडग्यावर वाकता येईना. सूप टाईवर सांडत होतं, घाम सुपात. मला त्यांचा मनापासून राग आला. आता कुणाच्या तरी लक्षात येईल, तमाशा होईल आणि मामी पुन्हा दाराशी जाऊन उभ्या राहतील, असंच मला वाटत होतं. मामी मात्र शांतपणे जेवत होत्या.

तेवढ्यात वेटर तीन ग्लास आणि बूच काढायचा स्क्रू घेऊन आला. मामांच्या डाव्या बाजूला उभं राहून अदबीने म्हणाला, “साहेब, बाटली देता? आतल्या खिशात आहे ना?”

मामा माझ्याकडे बघायला लागले. मी मामींकडे.

“मी काल येऊन आकार भरून गेले,” मामी म्हणाल्या. “म्हटलं, काज माझ्याकडूनच करून घेतलंय, तर एवढंही करावं.”

मामांनी विचारलंच, “किती घेतले?”

“तुम्ही बाहेरच्या अस्तराचे घेता, तेवढेच.”

मामांनी बटण काढायला हात घातला, पण घामेजल्या बोटांना ते निघेना. काज पक्कं होतं. मामींनीच वाकून ते सोडवलं, बाटली वेटरच्या हातात दिली आणि शेवटचं गोड दोन ताटल्या मागवलं. दोन्ही त्यांनी एकटीने खाल्ल्या, सावकाश. मामा ओल्या शर्टात बसून बघत होते.