चपलांचं कपाट

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या तालुक्याच्या वकील शकुंतलाबाई पहिल्या दिवशी पक्षकाराकडून फी घेत नसत, चप्पल घेत. कोणाची हरकत असल्यास आता उशीर झाला आहे. बाई गेल्या.

चप्पल लेकराची. नवऱ्याने टाकलेली बाई खावटीचा अर्ज करायला आली की शकुंतलाबाई आधी विचारत, "लेकराची जुनी चप्पल आनली का?" मग त्या चपलेवर खडूने तारीख लिहून ती कपाटात जाई. कायद्याची पुस्तकं खालच्या फळीवर, चपला वरच्या. हुकूम होईपर्यंत दरवर्षी आणखी एक मागवायच्या आणि सुनावणीला सगळ्या ओळीने मांडायच्या. "साहेब, तारीख वाहाडते, तसा पायबी वाहाडते. समोरच्यानं पायावर स्टे आनला असन तर दाखवावा."

मी त्यांच्या खोलीच्या दारात बसणारा टायपिस्ट. ही नाटकं मी फुकटात पाहिली.

रिठदची वंदना आली, तेव्हा तिची गुड्डी चार वर्षांची होती. नवरा गजानन याच्या नावाचं समन्स चार वेळा गेलं, चारही वेळा 'इसम घरी मिळून आला नाही' म्हणून परत आलं. पाचव्या वेळी बाई बेलिफाला घेऊन आठवडी बाजारात निघाल्या. मला नेलं पिशवी धरायला. गजानन वांग्यांच्या ढिगामागे बसला होता.

"काहून रे बाबू, वांगे शिळे दिसून राह्यले," बाई म्हणाल्या.

"शिळे? आजी, माह्या मळ्यातले हायेत. सकाळीच तोडले. दोन एकर बागायत हाय आपलं."

"असं का? नाव काय म्हनलं तुह्यं?"

त्याने ऐटीत नाव सांगितलं आणि बेलिफाने समन्स पुढे केलं. बाईंनी वांगी तरीही घेतली. "भाव नाई करत बाप्पा. तुह्याकडून लई घ्याचं हाय अजून."

हा प्रवेश मी चहाच्या टपरीवर आठवडाभर करून दाखवला, दोघांच्याही आवाजात. लोक वन्समोअर मागत. मग एका दुपारी, त्याच टपरीवर चहा पिणाऱ्या गजाननच्या वकिलाने मलाच त्याचं म्हणणं टाइप करायला दिलं. त्याच्या नावे शेती नाही, तो भावाच्या मळ्यात मजुरी करतो, सोबत भावाच्या नावाचा ताजा सातबारा. पानाला पैसे मिळत होते. मी टाइप केलं.

बाईंनी ते वाचलं, चष्मा काढून पदराने पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "टायपिंग साजरं हाय. एकबी चूक नाई."

त्यानंतर मी टपरीवर तो प्रवेश केला नाही.

गुड्डी चौथीत गेली तेव्हा खावटीचा हुकूम झाला, तोही मजुराला झेपेल एवढा. तीन महिने आली, बंद पडली. वसुलीचा अर्ज, वॉरंट, पुन्हा 'मिळून आला नाही'. बाई काठी टेकत बाजारात जायच्या. पण आता गजाननला त्या दुरूनच ओळखू येत, आणि वांग्यांमागे भावजय बसलेली असे. "चोर शिकते, कायदा म्हतारा होते," एवढंच म्हणायच्या आणि पुढच्या तारखेच्या तयारीला लागायच्या. वसुलीचा तो अर्ज तसाच पडून असताना गेल्या वर्षी त्यांचं हृदय बंद पडलं.

खोली रिकामी करायला पुतण्या आला. ज्याचं त्याने न्यावं, असं त्याने सगळ्यांना कळवलं. वंदना आली, सोबत गुड्डी; आता कॉलेजात जाते, आईपेक्षा उंच. मी कपाटातून तिच्या सहा चपला काढून फरशीवर ओळीने मांडल्या, बाई मांडायच्या तशा. पहिली माझ्या तळहाताएवढी. घसा साफ करून मी भाषणाच्या सुरात म्हणालो, "पोरी, बाईंची आठवण म्हणून घेऊन जा."

गुड्डीने पायातली काढली, शेवटच्या, सगळ्यात मोठ्या चपलेत पाय घालून पाहिला. टाच बाहेरच राहिली.

"काका," ती बोलून गेली, "यातली एकबी बापानं घेतली नाई, अन् आता एकबी मले होत नाई."