मोकळं आवर्तन

कळव्याच्या चाळीतून सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा बाबांची बाजाची पेटी त्यात नव्हती. ती चाळीच्या गायन पार्टीची होती. बाबा वारल्यावरही ती चाळीतच राहणार, हे ठरलेलं. दरवर्षी जयंतीच्या कार्यक्रमात पेटी बाबांची, गळा आईचा, ढोलकी शेजारच्या नानांची. आई टेम्पोत पुढे बसली आणि आम्ही मानपाड्याला राहायला आलो. नव्या फ्लॅटमध्ये लिफ्ट आली, बाल्कनी आली, आईचं गाणं तेवढं आलं नाही. "कुणाच्या साथीवर गाऊ? भिंतींच्या?"

म्हणून मी कीबोर्ड घेतला. डाव्या हाताने कॉर्ड्स, म्हणजे साथीचे एकत्र सूर, एकदा वाजवून त्यात साठवायच्या. मग कीबोर्डच ठेक्यासकट त्या फिरवत राहतो आणि उजवा हात चालीला मोकळा. चाळीतल्या मंडळींनो, तुम्ही पोटभर हसलात. नाना तर फोनवर म्हणाले, "अगं, हात खिशात घालून बसलीस तरी वाजेल ते! त्यात तुझं काय?" हसा. ढोलकी घेऊन रोज मानपाड्याला कोण येणार होतं?

पहिल्या दिवशी फजितीच झाली. अंतरा संपला, आई दम घ्यायला थांबली आणि कीबोर्ड मुखड्यावर पोचलासुद्धा. "राहू दे गं, याला घाई आहे," म्हणत ती उठली. मला असा राग आला त्या डबड्याचा! बाबा थांबायचे. अंतऱ्यानंतर तालाचं एक आख्खं आवर्तन नुसती पेटी भरत राहायचे. म्हणायचे, "गाणारी दम घेते तोवर पेटीने घर राखायचं."

मी सगळ्या कॉर्ड्स पुन्हा साठवल्या, प्रत्येक अंतऱ्यानंतर तेवढं एक मोकळं आवर्तन घालून. आमच्या कॉम्प्लेक्समधल्या कीबोर्ड क्लासच्या सरांनी ते ऐकलं. "मॅडम, इथे एक्स्ट्रा आलंय. डिलीट करा, फ्लो तुटतोय."

नाही करणार, म्हटलं.

रविवारी आई पुन्हा बसली. अंतरा संपवून तिने सवयीने उजवीकडे पाहिलं, बाबा बसायचे तिकडे. तिथे मी होते. कीबोर्ड मुखड्यावर गेला नाही. तिने सावकाश दम घेतला आणि मुखडा असा उचलला की समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. मला रडू आलं, पण हात थांबवला नाही.

नाना, विचारलंत ना, त्यात माझं काय? ते मोकळं आवर्तन माझं. पेटी खुशाल तुमच्याकडे राहू द्या. घर मी इथे राखतेय.