ड्रिलमास्तरांची दोन हजार कौलं

हणमंतरावांना गाव ड्रिलमास्तर म्हणे आणि शाळेतले बाकीचे मास्तर पाठीमागे 'डावा-उजवा' म्हणत. बंगळूरजवळच्या बनशंकरीच्या देवळापासून चार मैल दक्षिणेला, तळ्याकाठच्या त्या गावात हायस्कूल निघालं तेव्हा गणिताला मास्तर नव्हता, इंग्रजीचा आठवड्यातून तीनच दिवस यायचा, पण ड्रिलमास्तर मात्र पहिल्या दिवसापासून शिट्टी घेऊन हजर.

आपले पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर बंगळूरला आले असं त्यांच्या घरात सांगत. कागद कुणापाशीच नव्हता, ऐट सगळ्यांपाशी होती. हणमंतराव स्वतः महायुद्धात पलटणीत हवालदार होते. युद्ध संपलं, सरकारने घरी धाडलं आणि हातात एकच विद्या उरली, माणसांना रांगेत उभं करण्याची. तिचं कौतुक कोण करणार? हेडमास्तर हयवदनराव तर तोंडावर सांगत, "तुमच्या तासाला मुलं नुसती धूळ खातात, हणमंतराव."

ते हे सगळं हसून घेत. एकाच गोष्टीवर त्यांना हसू येत नसे. त्यांची मुलगी मथुरा नववीत होती, वर्गात पहिली. आईवेगळी पोर. आणि गावात शाळा नववीपर्यंतच. बंगळूरातल्या जयनगरला राहणाऱ्या थोरल्या बहिणीने, सोयराबाईंनी, स्थळ काढून ठेवलं होतं. हणमंतरावांना लहानाचं मोठं याच अक्काने केलेलं. तिचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता.

"दहावी नाही, तर पोरीला घरात ठेवून काय लोणचं घालणार आहेस?" अक्का म्हणाली होती. "वैशाखात उरकून टाकू."

"स्वल्प थांब, अक्का. दहावीचा वर्ग मिळाला तर ती शिकेल. नाही मिळाला तर तू म्हणशील तसं."

"सरी, तसंच होऊ दे. शब्द दिलास हं."

शब्द देऊन बसले खरे, पण वर्ग मिळणं सोपं नव्हतं. कारण दहावीच्या वर्गाला खात्याची अट होती पक्क्या छपराच्या खोलीची. नाहीतर वर्ग अकरा मैलांवरच्या दुसऱ्या गावाला जाणार, तिथे खोली तयार होती. इकडे भिंती झाल्या होत्या, वासे-रिपा चढल्या होत्या, कौलं गावच्या पटेलांनी कबूल केली होती. पण ती दोन हजार कौलं आली ती १९५८ सालच्या मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी, आणि इन्स्पेक्टर येणार होते मंगळवारी.

त्यातही दुष्काळात तेरावा महिना. तळ्याच्या बांधावरची मोरी खचलेली. लॉरी अलीकडेच थांबली. पलीकडे जायला जेमतेम एक फळी, बैलगाडीचंही काम नाही. शाळा दोन फर्लांगांवर. आणि ड्रायव्हर म्हणाला, बारा वाजता मी परत निघणार.

हयवदनरावांनी हुकूम सोडला, प्रत्येक मुलाने दोन-दोन कौलं डोक्यावर घेऊन पळायचं. पोरं पळाली. जाणारी आणि येणारी अरुंद बांधावर एकमेकांवर आपटली. अर्ध्या तासात चाळीस कौलं पोचली, नऊ फुटली आणि एक पोरगा तळ्याच्या चिखलात बसला. हयवदनराव डोक्याला हात लावून दगडावर टेकले.

तेव्हा हणमंतरावांनी शिट्टी फुंकली.

एकशे ऐंशी पोरं सवयीने जागच्या जागी ताठ झाली. "उंचीप्रमाणे!" ते ओरडले. चार वर्षं धूळ खाल्लेल्या त्या पोरांनी पाच मिनिटांत लॉरीपासून शाळेपर्यंत रांग धरली. दोघांत सात फूट अंतर. एकला डावीकडे पाऊल, दोनला कौल घ्या, तीनला उजवीकडे पाऊल, चारला द्या; आणि शेजारच्याचं नेमकं उलट. पहिली पन्नास कौलं अडखळत गेली. मग आकड्यांना लय आली आणि लाल कौलं बांधावरून, फळीवरून, हातोहात चालू लागली. एकही फुटेना. हयवदनराव दगडावरून उठले आणि मनातल्या मनात आकडे मोजू लागले.

उंचीप्रमाणे उभं करताना हणमंतरावांच्या ध्यानातच आलं नाही की गावाबाहेरच्या केरीतला, अस्पृश्यांच्या वस्तीतला मुनिया पटेलांच्या नंजुंडशेजारी आला आहे. शाळेत मुनियाच्या पाण्याचं मडकंसुद्धा वेगळं होतं. ड्रिलमध्ये कुणी कुणाला शिवत नाही, म्हणून आजवर बोभाटा झाला नव्हता. आता मात्र मुनियाच्या हातातलं कौल सरळ नंजुंडच्या हातात जात होतं.

दहाच्या सुमाराला, गाव ज्यांना गौडरे म्हणे ते पटेल काठी आपटत बांधावर आले. त्यांनी पाहिलं आणि मुलाचं मनगट धरून त्याला रांगेबाहेर ओढलं.

"मास्तर, कुणाला कुणाशेजारी उभं केलंत?"

हणमंतरावांनी हिशोब केला. पटेलांचा मुलगा गेला की गावातली निम्मी पोरं जाणार. मुनियाला काढलं तर पटेल शांत होतील, खोली होईल, मथुराही शिकेल. किती सोपं होतं! पण मुनिया कौल पुढे धरून त्यांच्याकडेच बघत होता, आणि त्या नजरेसमोर त्यांना ते जमेना.

"गौडरे," ते म्हणाले, "रांग उंचीची आहे. ती मी मोडणार नाही. एक!"

पोरांचे पाय आपोआप हलले. दोन. मुनियाने नंजुंडच्या रिकाम्या जागेकडे कौल पुढे केलं. घ्यायला कुणी नाही. मागून दुसरं कौल त्याच्याकडे आलंच होतं. दोन्ही एकदम सावरेनात, हातातलं कौल कलंडलं. पटेलांनी स्वतः निवडून आणलेलं कौल ते. डोळ्यांदेखत फुटताना कसं बघवणार? पटेलांनी काठी टाकली आणि दोन्ही हातांनी ते झेललं.

झेललं खरं, आता ठेवायचं कुठे? रांगेत नंजुंडच्या पुढची मथुरा हात पसरून उभी होती.

"इकडे द्या, गौडरे," ती शांतपणे म्हणाली.

त्यांनी दिलं. तोवर मुनियाने दुसरं पुढे केलं होतं. तेही घेतलं. मग तिसरं. नंजुंड बाजूला तोंड वासून उभा. वीसेक कौलं झाल्यावर पटेल त्याच्यावरच खेकसले, "बघतोस काय? तिकडे फळीवर पोरगं दमलंय, त्याची जागा घे."

हणमंतराव आकडे मोजत राहिले, पण 'तीन'वर त्यांचा आवाज फुटला. पोरांनी चौथा आकडा आपण होऊन म्हटला. बाराच्या आत लॉरी रिकामी झाली आणि दिवस मावळायच्या आत छप्पर चढलं.

मंगळवारी इन्स्पेक्टर फळीवरून तोल सावरत आले, छपराखाली उभे राहिले, आणि हयवदनरावांच्या टेबलावरच मंजुरी लिहून गेले. त्या दिवशी मुनियाचं पाणी पुन्हा वेगळंच होतं. एका सकाळीत गाव बदलत नसतं. पण दहावीच्या यादीत चौदा नावं होती, त्यांत मुनियाचं होतं, आणि एकुलत्या एका मुलीचंही.

हयवदनराव कागद घेऊन बाहेर आले. "काय हणमंतराव, ड्रिलचा तास वाढवून हवा का?"

"नको सर. दहावीला अभ्यास फार असतो."

त्या संध्याकाळी हणमंतरावांनी पोस्टकार्ड घेतलं. "अक्काला साष्टांग नमस्कार," त्यांनी लिहिलं. "वर्ग मिळाला. मथुरा दहावीला बसणार. पाहुण्यांना नाही म्हणून कळव. आणि दहावीनंतर पुढे ती शिकते म्हणाली, तर तेव्हाही मी मुदत मागणार नाही, नुसतं कळवीन."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी अक्काला असं लिहिलं होतं. त्यांना भीती वाटली नाही, आनंदच झाला, आणि ते तसेच चालत जाऊन कार्ड पेटीत टाकून आले.