बनुबाईच्या अकरा किल्ल्या

बनुबाईचा मला राग आला तो पहिल्याच भेटीत, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही. तिलाही माझा आहे. त्यामुळं इथं मी तिची आरती ओवाळणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी क्रांती, आष्ट्याची. सांगलीच्या एका कॉलेजात माध्यमांचं शिक्षण घेते. शेवटच्या वर्षाला पंधरा मिनिटांची शॉर्ट फिल्म करावी लागते. आमच्या गटात दिग्दर्शक ऋषिराज, साताऱ्याचा. कॅमेऱ्याचा शोध आपल्यासाठीच लागला असं त्याला मनापासून वाटतं. आवाजाचं काम जिनेंद्रकडं. हा सांगलीचा, दिवसातून चार वाक्यं बोलणारा. आणि शूटिंगच्या आधीची सगळी तयारी माझ्याकडं. म्हणजे जागा शोधणं, परवानग्या, जेवण, गाड्या आणि लोकांच्या शिव्या खाणं. माझ्याकडं स्कूटर आहे आणि तोंड फाटकं आहे, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं.

ऋषिराजच्या गोष्टीत एक मुलगी वर्षानुवर्षं बंद असलेल्या घरात परत येते. त्याला घर बंदच हवं होतं, पण पडकं नको. नवं, ग्रॅनाइटच्या पायऱ्यांचं, आणि आत कुणी राहत नसलेलं. मी म्हटलं, असलं घर बांधून कोण रिकामं ठेवतं? जिनेंद्र म्हणाला, "विट्याकडं जा."

त्याचं बरोबर होतं. विट्याच्या आसपासची माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत. कुणी कोइमतूरला, कुणी कानपूरला. कमाई झाली की गावाकडं बंगला बांधायचा आणि चैत्रातल्या जत्रेला आठ दिवस येऊन राहायचं. दिवाळीलाही येत नाहीत, कारण दिवाळीत दुकान बंद ठेवून चालत नाही. आम्ही ज्या गावात गेलो तिथल्या एका आळीत तेरा घरं होती आणि त्यातल्या अकरांना कुलूप. त्या अकरा घरांच्या किल्ल्या बनुबाईच्या कमरेला.

साठीची, काटकुळी बाई. तिला वाचता येत नाही, म्हणून किल्ल्यांना नाव नाही की नंबर नाही. ज्या घरची किल्ली, त्या घरच्या सुनेच्या जुन्या साडीची चिंधी तिला बांधलेली. आम्हाला हवा असलेला बंगला मोरपंखी चिंधीचा. मी गोड आवाज काढून म्हटलं, "मावशी, जरा घर बघायचं होतं."

"तुजी मावशी कवापास्नं झाले मी?" ती म्हणाली. ऋषिराजच्या गळ्यातला कॅमेरा बघून तिचा आवाज अजून चढला. "आज ह्यो डबा आत, उद्या चोर आत. निघा हितनं. पोडी."

पोडी हा तमिळ शब्द आहे हे मला नंतर कळलं. अर्थ तेव्हाच कळला होता.

दुसऱ्या खेपेला मी कॉलेजचं पत्र नेलं. तिनं ते उलटं धरलं, शिक्क्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "शिक्का माज्या रेशनकार्डावर बी हाय." तिसऱ्या खेपेला अर्धा किलो पेढे नेले. "कुत्र्याला घाल," म्हणाली, "त्ये तरी शेपूट हलवंल." मग माझंही डोकं फिरलं. मी सरळ विचारलं, "हे घर काय तुमचं आहे का?"

"न्हाई. म्हणूनच उघडत न्हाई."

आता मीही हट्टाला पेटले. गावातून मालकाचा नंबर काढला. जयराज म्हणून माणूस, कोइमतूरला मोठं दुकान, त्याच्या वडलांनी, नाथाजींनी सुरू केलेलं. बोलायला गोड. म्हणाला, "करा की ताई शूटिंग. फक्त कुठल्या खोल्या वापरणार, लाइटचे बोर्ड कुठले, सगळं फोटोसकट लिहून पाठवा. बनुबाईला मी सांगतो."

आमच्यासमोरच तिला फोन आला. "जी. जी मालक," एवढंच ती म्हणाली. चेहरा असा, की जणू मी तिच्या ताटात माती कालवली. मला मात्र आतून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू.

घर लखलखीत होतं. सोफ्यांवर चादरी, फरशीवर डाग नाही, देवापुढं दिवा लावलेला. दर सोमवारी ती अकराही घरं उघडून झाडायची, नळ सोडायची, दिवा लावायची. ऋषिराज हिरमुसला. त्याला धूळ हवी होती. "इथं तर घर बंद आहे असं वाटतच नाही," तो कुरकुरला, आणि बनुबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो कॅमेऱ्याची काच पुसायला लागला.

जागा बघायला गेलं की जिनेंद्रचा एक नियम असतो. प्रत्येक खोलीत डोळे मिटून एक मिनिट उभं राहायचं आणि जे ऐकू येईल ते कागदावर 'आवाज' या रकान्यात लिहायचं. पंखा, कबुतरं, शेजारची गिरणी, काहीही. नाहीतर शूटिंगच्या दिवशी ते बोकांडी बसतं. बैठकीत मी उभी राहिले, काही नाही. झोपायच्या खोलीत काही नाही. स्वयंपाकघरात मात्र मागच्या बंद दारातून घरघर येत होती, आणि मध्येमध्ये फुस्स.

"मागं काय आहे?"

"अडगळ."

"अडगळ घरघर करती का?"

"फ्रीज हाय."

"उघडा की मग."

"मालकानं तीन खोल्या दावाय सांगितल्यात. झाल्या तीन." ती दाराला पाठ लावून उभी राहिली, जुडगा मुठीत आवळून.

मी तिथं सोडून द्यायला हवं होतं. सोडलं नाही. त्या संध्याकाळी मालकाला पाठवायच्या कागदावर मी लिहिलं: स्वयंपाकघरामागच्या खोलीत यंत्र चालू आहे, शूटिंगला बंद करावं लागेल. एवढं पुरेसं होतं. पण मी पुढं आणखी एक ओळ लिहिली: सांभाळणाऱ्या बाई ती खोली उघडून दाखवत नाहीत. त्या ओळीचा फिल्मशी काही संबंध नव्हता. तिला चार शब्द ऐकवले जावेत म्हणून मी ती लिहिली.

तिसऱ्या दिवशी जयराजचा फोन आला. "ताई, तुमचे उपकार झाले." त्यानं विट्याहून चुलतभावाला धाडलं होतं. त्यानं खोली उघडायला लावली तर आत खाटेवर बनुबाईचा नवरा, धुळा. नाकाला नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन, आणि मशीनची वायर बंगल्याच्या इन्व्हर्टरला. "चार महिने," जयराज म्हणाला. "माझ्या घरात, माझ्या लाइटवर. घर आहे की धर्मशाळा?" त्यानं ही गोष्ट गाववाल्यांच्या ग्रुपवर टाकली, आणि संध्याकाळच्या आत बाकीच्या दहा घरांनीही आपापले भाऊबंद धाडून किल्ल्या काढून घेतल्या.

"तुम्ही शूटिंग करा खुशाल," तो पुढं म्हणाला. "भाऊ परवा कानपूरला चाललाय, तर शूटिंग होईस्तोवर किल्ली तुम्हीच ठेवा. दर आठवड्याला असाच फोटो आणि कागद टाकत जा, म्हणजे घराचं मला कळत राहील. शिकलेल्या माणसावर भरवसा ठेवता येतो."

"आणि ते आता कुठं आहेत?" मी विचारलं.

"कोण?"

"तिचा नवरा."

"असतील त्यांच्या घरी."

ऋषिराजला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे आवाजाचा प्रश्न मिटला." त्याला मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बनुबाईचं घर म्हणजे बंगल्यामागं पत्र्याची एक खोली. विट्यात चुलतभावाकडून किल्ली घेऊन मी गेले तेव्हा दुपार होती आणि लाइट गेलेली. धुळामामा खाटेवर वाकून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यावर, तोंड उघडं. प्रत्येक श्वासाला खांदे वर जात होते. ओठ जांभळट. ती पुठ्ठ्यानं वारा घालत होती. मशीन कोपऱ्यात गप्प होतं. किल्ल्या नेताना लोकांनी चिंध्या सोडून जमिनीवर टाकल्या होत्या. त्या अकराही गोळा करून तिनं कमरेला खोचल्या होत्या.

"आलीस?" ती म्हणाली. हात थांबला नाही. "बघ. आता घरघर न्हाई. काढ तुजा पिच्चर."

मी म्हटलं, "मावशी, माझं चुकलं."

"चुकलं न्हाई. तू ठरवून लिवलंस. मालकानं फोनवर वाचून दावलंय मला."

खरं होतं, आणि खरं असल्यामुळं मला तिचा अजूनच राग आला. मी म्हटलं, "तुम्ही त्यांना विचारायचं तरी होतं."

"इचारलं असतं तर न्हाई म्हनला असता. न्हाई म्हनल्यावर आत नेला असता, तर ती चोरी झाली असती. म्हणून इचारलं न्हाई." तिनं पुठ्ठा दुसऱ्या हातात घेतला. "बावीस वरसं ह्यो त्येंच्या भट्टीवर उभा ऱ्हायला, कोइमतूरला. नाथाजी मालकाच्या येळंपास्नं. त्या तेजाबाच्या धुरानं छाती खाल्ली. मी बी हुते तितं, डबं करून घालत. परत आलो तवा मालकानं किल्ली दिली, म्हनला, बनुबाई, घर तुमचंच समजा. हितं लाइट दिसातनं चार येळा जाती. आन् तितं कुनी ऱ्हात न्हाई तरी बॅटरीचा डबा भरल्याला. एक दिस ह्यो निळा पडाय लागला, तवा नेला आत. मी काय त्येंच्या सोफ्यावर बसले न्हाई कवा."

मी पिशवीतनं किल्ली काढली आणि तिच्यापुढं धरली. "घ्या. उघडा."

"काढून घेतल्याली किल्ली मी परत हातात धरनार न्हाई. तुज्याकडं दिलीया, तू उघड."

"आवं मावशी, माणूस मरायला लागलाय."

"मग बडबडतीस कशाला? चल की."

मी दार उघडलं. मशीन मी उचललं, धुळामामाला तिनं काखेत हात घालून उभं केलं. पंचवीस पावलांचं अंतर, पण तो तीनदा बसला. तिसऱ्यांदा मी मशीन पायरीवर ठेवून त्याचे पाय धरले. "नीट धर," ती खेकसली, "तुज्या बाचं पोतं न्हाई त्ये." मीही तिला काहीतरी बोलले. खाटेवर निजवलं, नळी लावली, बटण दाबलं. घरघर सुरू झाली. पंधरा-वीस मिनिटांनी त्याचे खांदे खाली आले आणि त्यानं पाणी मागितलं. मी भिंतीला टेकून बसले होते.

बनुबाई माझ्याकडं बघून म्हणाली, "तू चांगली हाईस असं समजू नगंस."

"मी कुठं म्हणले?"

मी दार ओढून घेऊन निघाले तर तिनं हाक मारली. म्हणाली, किल्ली हातात धर. कमरेची मोरपंखी चिंधी काढून तिनं किल्लीच्या भोकातून ओवली आणि गाठ मारली. हे सगळं करताना किल्लीला बोट म्हणून लागू दिलं नाही.

फिल्म आम्ही आष्ट्याला माझ्या मामाच्या घरी काढली. धुळीसाठी चाळणीनं राख शिंपडली. ऋषिराजनं माझ्याशी बोलणं टाकलंय. मार्क बरे पडले. कॉलेजच्या लेखी हे काम डिसेंबरातच संपलं.

जयराजच्या लेखी मात्र आमची तयारी अजून चालूच आहे. आधी मी नटीची परीक्षा सांगितली. मग तिचा पाय मुरगळला. मग कॅमेरा दुरुस्तीला गेला. सध्या गोष्टीचा शेवट बदलतोय. दर सोमवारी मी आष्ट्याहून पन्नास किलोमीटर स्कूटर हाणत जाते, आठवड्याचे फोटो काढते. रोजची उघडझाप बनुबाई करते, दुसरी किल्ली मी विट्यात करून घेतली. ती नवी, कुणी काढून न घेतलेली, म्हणून तिला चालते. घर ती अजून झाडते, दिवा लावते, आणि मी चपला घालून आत आले की माझ्या खानदानाचा उद्धार करते. तमिळमध्ये करते तेव्हा मी समजून घेते की आज धुळामामाची तब्येत बरी नाही.

चैत्र महिन्यावर आलाय. जत्रेला जयराज येणार. तेव्हा काय करायचं, हे तिलाही माहीत नाही आणि मलाही. एकदा मी विषय काढला तर म्हणाली, "तुजं तोंड लय चालतंय न्हवं? चालीव की मग तवा." गेल्या आठवड्यात जयराजनं फोनवर सहज विचारलं, "ते मशीन-बिशीन नाही ना आता घरात?" मी म्हटलं, "छे, कागद बघा की."

काल सोमवार होता. तीन खोल्यांचे फोटो काढले, कागद काढला आणि सवयीनं स्वयंपाकघरात डोळे मिटून एक मिनिट उभी राहिले. मागं मशीनची घरघर. मध्ये फुस्स. धुळामामा एकदा खोकला आणि त्यानं कूस बदलली तशी खाट करकरली. बनुबाई त्याला म्हणाली, "ती भवानी आलीया, जरा गप पड."

मी डोळे उघडले. 'आवाज'च्या रकान्यात 'काही नाही' असं लिहिलं, आणि कोइमतूरला पाठवून दिलं.