एकेचाळीस ओळी

३ तारीख, सोमवार. काम रोजचंच होतं. जिल्ह्यातल्या जोखमीच्या गरोदर बायांची यादी काढायची, तिच्यात ओळी किती आल्या तो आकडा डेटाबेसमध्ये साठवायचा. एक बाई, एक ओळ. आकडा बदलला तर कोण आलं, कोण गेलं ते बघायचं. तोच राहिला तर यादी फोन करणाऱ्या नर्सबाईंकडे पाठवायची. ही पद्धत मीच बसवली होती. त्या दिवशी एकेचाळीस, शनिवारीही एकेचाळीस. यादी पाठवली आणि दुसऱ्या कामाला लागले.

महिनाअखेरीला दुपारी एक बाई आमच्या आरोग्य कार्यालयाच्या दारात आली. सिद्धेश्वर धरणाकडची, मेंढ्या पाळणाऱ्या घरातली. लेकीला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणलं होतं. लेकीचं बीपी वाढलेलं.

"मॅडम, सासरी होती तवा दर आठवड्याला फोन यायचा. आमच्याकडं आली अन् बंद झाला. काहून?"

"मग तुम्ही का नाही विचारलंत?"

"आमाला वाटलं, फोन न्हाई म्हंजी समदं बराबर हाय."

लेक वाचली. लेकरू गेलं.

मी मेलमधल्या जुन्या याद्या उघडल्या, दोन्ही गावांच्या आशाताईंना फोन केले. मुलगी माहेरी गेली म्हणून सासरच्या, हट्ट्याकडच्या आशाताईंनी तिचं नाव काढलं होतं. माहेरच्या आशाताईंना वाटलं, नाव तिकडे आहेच. आणि त्याच ३ तारखेच्या सोमवारी आखाडा बाळापूरकडची एक नवी बाई यादीत आली होती. एक गेली, एक आली. आकडा तोच. मी नावं वाचलीच नव्हती.

मी तिला हे सगळं सांगितलं. ती रडली नाही.

"मला लिहून द्या. सासरचे म्हंतेत, माहेरच्यांनी हयगय केली, लेकरू घालवलं. पोरीला न्यायला तयार न्हाईत."

मी साहेबांकडे गेले. "आकडा जुळतो ना? मग आपली चूक कशी?" ते म्हणाले. "असलं काही लिहून देऊ नका."

मी बाहेर येऊन तिला म्हटलं, "उद्या सकाळी या."

"नक्की ना? दोन गाड्या बदलून यावं लागतं."

"नक्की."

दुसऱ्या दिवशी यादी काढण्याआधी मी पत्र लिहिलं: नाव यादीतून गळलं, म्हणून फोन गेला नाही, तपासणं माझं काम होतं, ते मी केलं नाही, यात माहेरच्यांची चूक नाही. खाली सही केली. ती दहाला आली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून पत्र मीच तिला दोनदा वाचून दाखवलं.