पाटलांची सरकी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरातही नाही. पाटलांची सरकी वांझ नव्हती. ती मी मारली.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाची गोष्ट. मी अकोल्याच्या जुन्या शहरातला. बदली होऊन अमरावतीच्या वाटेवरच्या एका गावी शाळामास्तर झालो, आणि लिहिता-वाचता माणूस म्हणून तिथल्या सहकारी बियाणे मंडळीचा चिटणीसही. सभासदांनी आपापली सरकी एकत्र करायची अन् पेरणीला सगळ्यांनी वाटून घ्यायची, असा मंडळीचा रिवाज. एकाची खराब निघाली की सगळ्यांची वावरं विरळ. म्हणून सरकारी शेतावर जाऊन मी परीक्षा शिकून आलो. प्रत्येकाच्या शंभर सरक्या ओल्या गोणपाटात गुंडाळायच्या, पाचव्या दिवशी कोंब मोजायचे.

सभेत हे समजावत होतो. पाटील म्हणजे गावातले सर्वांत जाणते शेतकरी. पानाला चुना लावत ते म्हणाले, "मास्तर, तुमी कापूस पायला तो गादीतला. अन् आमाले सरकी शिकवून राहिले?"

सभा हसली, थांबली, पुन्हा हसली. दुसऱ्या दिवसापासून मी गादीमास्तर. बाजारात भाजीवाली म्हणे, "गादीमास्तर, वांगं तरी ओळखता ना?"

नमुने आले. पाटलांच्या शंभर सरक्या मी चुलीवरच्या आधणात बुडवल्या, निथळल्या आणि गोणपाटात घातल्या. पाचव्या दिवशी पंचांसमोर गोणपाट उघडलं. एक कोंब नव्हता. तरी मी एकेक सरकी उचलून मोजत गेलो, शंभरापर्यंत, सावकाश. पाटलांचा चेहरा उतरत होता. इतकं गोड मला जन्मात दुसरं काही लागलेलं नाही. आज लिहितानाही ती चव जिभेवर आहे.

"पाटील, तुमची सरकी मंडळीला घेता येणार नाही," मी म्हणालो.

पाटील उठून घरी गेले. घरी उरलेली तीच सरकी त्यांनी रस्त्याकडेच्या आपल्या वावरात पेरली. अशी दाट उगवली की लोक गाड्या थांबवून पाहत.

मला वाटलं, सापडलो. पण "मास्तर काहून खोटं करतीन?" म्हणून माझ्यावर कुणी संशय घेतलाच नाही. घेतला तो परीक्षेवर. "गोणपाटात मेलं अन् वावरात जितं झालं. काय कामाची थे परीक्षा?" पुढच्या वर्षी कुणी नमुना दिला नाही. न तपासलेली सरकी वाटली गेली, कित्येक वावरं उगवलीच नाहीत. जो तो दुसऱ्याच्या सरकीकडे बोट दाखवू लागला. खरं काय ते गोणपाटानं सांगितलं असतं, पण गोणपाटावर विश्वास कुणाचा होता? मंडळी मोडली. मी बदली मागून घेतली.

पाटील हयात आहेत. त्यांची क्षमा मागावी असं मला अजून वाटत नाही. तो राग गेलेला नाही. पण बाकीचे फक्त हसले होते, आणि वावरं त्यांची बुडाली. त्यांच्यासमोर उभं राहून, परीक्षा खरी होती आणि खोटा मी होतो, एवढं सांगणं माझ्याकडे बाकी आहे.